रविवार : विश्रांती

व्हेल्मानं बोथट टोकाची कात्री ब्रिनच्या घोट्यापाशी आत सरकवली आणि नडगीवरची पांढरी चिकटपट्टी खालून वर कापत नेली. पट्टी सुटली तशी हाडाच्या मधोमध बोराएवढा उंचवटा दिसू लागला. व्हेल्मानं त्यावर अंगठा नुसता टेकवला.

"दुखतंय?"

"नाही, मिस व्ही."

"खोटारडी. बोटं बघ कशी वळलीत."

ब्रिननं खाली पाहिलं आणि ती ओशाळून हसली. वीस वर्षांची, सहा फूट उंच, गव्हाच्या शेतावर वाढलेली मुलगी. उपचारखोलीतल्या टेबलावर बसली तरी तिचे पाय जमिनीला टेकायचे. शुक्रवारी काढलेल्या एक्स-रेत तिच्या नडगीला तडा दिसला होता, जवळजवळ आरपार. डॉक्टर म्हणाले, आत सळई घालावी लागेल. व्हॉलीबॉलचा हा मोसम तर संपलाच, पुढचं पुढं बघू.

व्हेल्मानं कापलेली पट्टी उलगडून सवयीनं वाचली. काळ्या शाईत तिचंच अक्षर होतं: वर तारीख, खाली ब्रिन, शनिवार, सकाळी ९, इथेच. तीस वर्षांपूर्वी एक मुलगी घट्ट पट्टीसकट झोपून गेली आणि सकाळी तिची बोटं निळी पडली होती. तेव्हापासून संघाची फिजिओ म्हणून व्हेल्मा प्रत्येक पट्टीवर तारीख, नाव, वार, वेळ आणि जागा लिहायची. आता तो हाताचा धर्मच झाला होता.

ब्रिननं पट्टी तिच्याकडून घेतली आणि बाजूच्या स्टुलावरच्या गोळ्यावर चिकटवली. ऑगस्टपासून संघाच्या अंगावरून निघालेली एकूण एक पट्टी त्या गोळ्यावर चढत होती. आता तो मोठ्या भोपळ्याएवढा झाला होता. मोसमातली एक पट्टी जरी कचऱ्यात गेली तरी नशीब फिरतं, असं पोरी मानायच्या. म्हणून व्हेल्मा देशाच्या दुसऱ्या टोकाहूनही वापरलेल्या पट्ट्या पिशवीत भरून परत आणायची.

"बघा ना," ब्रिन म्हणाली, "गोळा वाढला आणि पाय मोडला."

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता ट्रेंट हॉलिस आत आला. कॉलेजचा क्रीडा संचालक. काखेत जाड फाईल.

"कशी आहेस, चॅम्प?" त्यानं विचारलं, पण पायाकडे पाहिलं नाही. "आम्हाला पाच मिनिटं देतेस?"

ब्रिन कुबड्या घेऊन बाहेर गेली. ट्रेंटनं दार ओढून घेतलं आणि एक कागद टेबलावर ठेवला.

"दुखापतीचा अहवाल. तुमची सही हवीय, व्हेल्मा. दुपारी बारापर्यंत कॉलेजच्या समितीकडे जायचाय."

व्हेल्मानं चष्मा लावला. खेळाडूस दर आठवड्यास एक दिवस पूर्ण विश्रांती देण्यात आली होती. सबब दुखापत खेळामुळे नसून उन्हाळ्यातील शेतीकामामुळे झाली असावी.

तिनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च हिच्या बापाच्या गळ्यात?"

"समिती ठरवेल."

"आणि शिष्यवृत्ती?"

"तेही समितीच ठरवेल. खेळाबाहेरची दुखापत असली तर वसंत सत्रानंतर शिष्यवृत्ती चालू ठेवणं बंधनकारक नाही. मी नियम सांगतोय."

"कापणीत तिनं ट्रक चालवला, ट्रेंट. बसून! ट्रक चालवून कुणाची नडगी तडकली, असं ऐकलंयस कधी?"

"आवाज जरा..."

"का? ऐकू दे की लोकांना!" व्हेल्मानं कात्री टेबलावर आपटली. "ऐंशी वर्षं आपण शेजारच्या कॉलेजांशी खेळलो. दोन तास बस, सामना, दोन तास बस. पोरी रात्री अकराला आपापल्या अंथरुणात. मग तुमच्या फुटबॉलला टीव्हीवाल्यांनी पैशांचं गाजर दाखवलं आणि ऐंशी वर्षांची लीग तुम्ही एका दुपारी मोडलीत. नव्या लीगमधला सगळ्यात जवळचा शेजारी कुठं? तर विमानानं चार तासांवर! फुटबॉलची पोरं हंगामात पाच वेळा जातात, तेही स्वतंत्र विमानानं. या मुली आठवड्याआड जातात, विमानं बदलत, विमानतळावरच्या फरशीवर झोपत. आणि सोमवारी सहाला पुन्हा सराव. हाड आहे ते, लोखंड नाही!"

ट्रेंटनं तिला बोलू दिलं. त्याला ते चांगलं जमायचं. मग त्यानं फाईल उघडली आणि कागदांचा एक गठ्ठा तिच्यासमोर सरकवला.

साप्ताहिक तक्ते होते. सोमवार ते शनिवार सरावाचे तास, सामने, आणि शेवटच्या चौकटीत तेच दोन शब्द. रविवार : विश्रांती. त्याखाली बारा मुलींच्या सह्या आणि सगळ्यात शेवटी पर्यवेक्षक म्हणून एक सही. व्हेल्मा क्रॅडॉक. अकरा कागद, अकरा सह्या.

"खोटं कुणीच लिहिलेलं नाही," ट्रेंट हळू आवाजात म्हणाला. "प्रवासाचा दिवस विश्रांतीत धरता येतो, नियमच आहे तसा. तुम्हीच सही केलीय, व्हेल्मा. दर आठवड्याला."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सात महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. छान निरोप द्यायचाय आम्हाला. म्हणून आपलं समजून सांगतो, शेवटी शेवटी उगाच तोंड काळं करून घेऊ नका."

"तुझ्या गुडघ्याला मी चार वर्षं पट्ट्या बांधल्या, ट्रेंट."

"मी विसरलेलो नाही."

"तीन आठवडे बसवून ठेवलं होतं तुला. तुझा कोच याच दारात उभा राहून माझ्या नावानं शंख करत होता. आणि तू इथं, याच टेबलावर, ढसाढसा रडत होतास की मला खेळू द्या."

ट्रेंटनं घड्याळ पाहिलं. "बारा वाजेपर्यंत," तो म्हणाला. "फाईल ठेवून जातो. तुम्ही स्वतःच बघा." दार लोटून तो गेला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता.

व्हेल्मा गठ्ठ्याकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण आता ती नेमकी कुणावर काढायची ते तिला कळेना. पहिला तक्ता तिला आठवत होता. सप्टेंबरचा पहिला रविवार, पहाटे पाच, कुठल्याशा विमानतळाची रांग. ऑफिसातून कागद फोनवर आला होता, तिनं तो हॉटेलात छापून घेतला होता. 'विश्रांती?' असं तिनं विचारलंही होतं. नियमात बसतं, असं उत्तर आलं. मग तिनं बॅगेच्या पाठीवर कागद ठेवून सही केली आणि मुलींनाही करायला लावली, कारण विमानाची वेळ झाली होती. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलंसुद्धा नाही.

दार पुन्हा उघडलं. आधी कुबडी आत आली, मग ब्रिन.

"दार पातळ आहे, मिस व्ही."

"माहितीय मला."

"मीही सही केलीय. दर रविवारी." ती टेबलाच्या कडेला टेकली. "बाबांना आज सांगू, का उद्या? ते म्हणतील, सोड कॉलेज, घरी ये. वाईट नाही म्हणणार. सरळच म्हणतील."

"सही तू केलीस ते मी सांगितलं म्हणून. तू वीस वर्षांची आहेस. मी एकसष्ट."

"मग आता?"

व्हेल्माची नजर स्टुलावर गेली होती. ती उठली, दोन्ही हातांनी गोळा उचलून तिनं टेबलावर आणून ठेवला आणि कात्री घेतली.

"मिस व्ही!" ब्रिन ओरडलीच. "काय करताय? अजून तीन सामने बाकी आहेत! पोरी मला जिवंत ठेवणार नाहीत."

"नशीब हवं असेल तर त्यांना म्हणावं, खेळून आणा. धर तिकडून."

तिनं वरचा थर चिरला. पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. त्या नखानं सोडवाव्या लागत होत्या, सुटताना कर्र कर्र आवाज करत होत्या. काहींवर घामानं शाई फुटली होती, बहुतेक मात्र वाचता येत होत्या. खोलीभर जुन्या घामाचा आणि डिंकाचा वास पसरला. ब्रिननं एक कुबडी भिंतीला टेकवली आणि ती वाचू लागली.

"शनिवार, रात्री साडेनऊ, त्यांचं मैदान. नको?"

"नको. रविवार शोध."

"रविवार... हे बघा. ब्रिन, रविवार, पहाटे चार दहा, विमानतळ." ती थांबली. "सूज येऊ नये म्हणून बांधली होती तुम्ही. फरशीवर बसून. मी तुमच्या खांद्यावर झोपले होते."

"आण इकडे."

"अजून एक. तीच तारीख. दुपारी पावणेतीन, दुसरा विमानतळ. आणि ही... रात्री अकरा, बस."

व्हेल्मानं त्या आठवड्याचा तक्ता पुढे ओढला. रविवारच्या चौकटीत तीन पट्ट्या एकाखाली एक दाबून बसवल्या. त्या चौकटीत मावेनात. विश्रांती झाकली गेली आणि तिसरी पट्टी खाली येऊन नेमकी तिच्या सहीवर बसली. तिनं अंगठ्यानं कडा घासून पक्क्या केल्या. मग काळं पेन घेतलं आणि पट्टीच्याच खाली, उरलेल्या रिकाम्या जागेत, आजची तारीख घालून नव्यानं सही केली.

ब्रिन तिच्या हाताकडे बघत होती.

"ते तुम्हाला काढून टाकतील."

"पुढची शोध. अकरातले सहा रविवार आपण वाटेत होतो."

भिंतीवरचा फोन वाजला. व्हेल्मानं तो खांद्याशी धरून कानाला लावला. दोन्ही हातांना डिंक चिकटला होता. पलीकडे ट्रेंटच्या ऑफिसातली बाई होती, बिचारी नम्रपणे विचारत होती, सही झाली का, म्हणजे मी खाली येऊन घेऊन जाते.

"होतेय," व्हेल्मा म्हणाली. "एकूण सहा आहेत. थोडा वेळ लागेल."