दोन्ही लांब

ओबिएरोने नंबरप्लेट गाडीच्या मागच्या खाचेवर धरली, दाबली, तिरकी करून पाहिली, पुन्हा दाबली आणि शेवटी तिच्यावर तळहाताने असा फटका मारला की पत्रा झणाणला. प्लेट बसेना. तिची दोन्ही टोकं खाच ओलांडून मागच्या दिव्यांच्या काचांवर चढत होती.

"मारून नाही बसायची ती," शियुंडू म्हणाला. पालथ्या क्रेटवर बसून तो ड्रिलचं टोक फडक्याने पुसत होता. "जपान्यांनी मागे आखूड जागा ठेवलीय. तिथे चौकोनी प्लेट लागते. तू लांब आणलीस."

"मी आणली नाही. मिळाली."

"समोरची लांब, मागचीही लांब." शियुंडूने फडकं खांद्यावर टाकलं. "जुळी झाली की भाऊ तुला! अभिनंदन."

शेजारच्या ट्रकखालून कोणीतरी खदखदून हसलं. ओबिएरोने त्या दिशेला एकदा पाहिलं आणि हसणं थांबलं.

कोंडेलेच्या चौकामागे मेकॅनिकांच्या पत्र्यांच्या रांगेत ही पांढरी गाडी आल्यापासून उभी होती. मोम्बासाच्या बंदरातून ती तात्पुरत्या प्लेटांवर किसुमूपर्यंत आली होती, पण त्या प्लेटा घेऊन आलेला ड्रायव्हर त्या काढून परत गेला. तेव्हापासून ओबिएरो रोज तिच्यावरची धूळ पुसून जायचा. खऱ्या प्लेटा आज सकाळी मिळाल्या. पाकीट आईच्या मांडीवर होतं. ते लांब होतं, पण समोरची प्लेट लांब असतेच, म्हणून ओबिएरोने ते उघडून बघितलं नाही. शियुंडूने समोरची प्लेट रिव्हेट मारून पक्की केल्यावर तो दुसरी घेऊन मागे गेला, तेव्हा कळलं.

आई पत्र्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. अंगात चर्चला जायचा निळा झगा, मांडीवर पिशवी, पाय जुळवलेले. सकाळपासून तिने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तिला गावात नावाने कोणी हाक मारत नसे. म्हाताऱ्यांसाठी ती माहेरावरून आलेगोची लेक होती आणि बाकी सगळ्यांसाठी बाई, कारण गावातल्या निम्म्या लोकांनी पहिली इयत्ता तिच्यासमोर जमिनीवर बसून काढली होती.

"आजी," शियुंडू तिच्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या पोराला सांगा, शिव्या देऊन पत्रा आखूड होत नाही."

"त्याला लहानपणी सांगून झालंय," आई म्हणाली.

ओबिएरोचा फोन वाजला. त्याच्या फोनचा कानाजवळचा आवाज केव्हाच गेला होता. बोलायचं तर स्पीकर लावूनच बोलावं लागे आणि सगळ्यांना ऐकू जाई. नैरोबीहून थोरला भाऊ ओगोला होता. गाडी त्यानेच पाठवली होती, आईच्या नावावर.

"बसल्या का प्लेटा?"

"समोरची बसली."

"म्हणजे?"

"दोन्ही लांब आल्यात, दादा. मागची बसत नाही."

"मग वाकव ना! दोन्ही टोकं आत वळवायची आणि ठोकायची. इथे निम्म्या गाड्यांच्या प्लेटा वाकवलेल्या असतात. एवढ्यासाठी माझी मीटिंग थांबवलीस?"

"फोन तू केलास."

"उद्या पहाटे निघायचंय तुम्हाला, लक्षात आहे ना? खोली रंगवून झाली, पलंग आला. रविवारी पाहुणे येतील आईला भेटायला. वाकव आणि नीघ." फोन बंद झाला.

ओबिएरोने फोन खिशात कोंबला. त्याला वाकवायला हरकत नव्हती. त्याला हरकत होती ती दर वेळी काम त्याच्या गळ्यात आणि हुकूम नैरोबीतून, याला. बंदराच्या खेपा त्याने घातल्या, उन्हात रांगा त्याने लावल्या, आईला दवाखान्यात त्यानेच मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. पण या वेळी त्याच्यासाठीही काही होतं. आई नैरोबीला राहायला गेली की गाडी तिला लागेल तेव्हा तिची, आणि उरलेला वेळ ओबिएरोची, टॅक्सी म्हणून. ओगोलाने तसा शब्द दिला होता. भाड्याची मोटरसायकल ओबिएरोने काल मालकाला परत करून टाकली होती.

"अर्ध्या तासात वाकवून देतो," शियुंडू म्हणाला. "पण सांगून ठेवतो. नव्या प्लेटांचा वरचा थर वाकवला की तडकतो. नैरोबीच्या वाटेवर आहेरोच्या पुढे पोलीस उभे असतात, त्यांना तडा दिसला तर म्हणतील, कुठनं चोरली? त्यांना समजावून सांगशील तू. नाकूरूपर्यंत समजावतच जाशील."

"हे सगळं त्या जाएलमुळे," ओबिएरो म्हणाला. "अर्ज तिने भरला. शेंबड्या पोराला कळतं, समोर लांब, मागे चौकोनी. आणतो तिला इथे."

"ओबिएरो," आई म्हणाली.

तो थांबला नाही. प्लेट हातात तशीच घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. एका टुकटुकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

जाएलचं फोटोकॉपीचं दुकान समोरच होतं. लोकांचे सरकारी अर्ज ती कॉम्प्युटरवर भरून देई. ती आली ती ओबिएरोच्या दोन पावलं पुढे, पदर खोचल्यासारखं लेसोचं कापड कमरेला घट्ट गुंडाळून, आणि ओरडत.

"गिऱ्हाइकांसमोर मला आंधळी म्हणतो! माझ्या दुकानात उभं राहून! कोणाला म्हणतोस रे?"

"तुला! हे बघ. हे चौकोनी आहे? तूच सांग, हे चौकोनी आहे?"

"लांब आहे."

"मग?"

"मग काय? लांब सांगितलं, लांब भरलं."

"कोणी सांगितलं?"

"ज्यांच्या नावावर गाडी, त्यांनी." जाएलने हात आईच्या दिशेने केला, पण बोट दाखवलं नाही. पंजा उघडा ठेवला. "तू बाहेर भाजलेलं मक्याचं कणीस खात उभा होतास. बाई माझ्यासमोर बसल्या होत्या."

"आणि तू ऐकलंस? म्हातारं माणूस आहे ते! तिला काय कळतं, गाडीच्या मागे काय लागतं? तुझं काम होतं विचारायचं!"

"विचारलं. म्हटलं, बाई, जपानी गाडीला मागे चौकोनी लागते. त्या म्हणाल्या, लांब. म्हटलं, बाई, नक्की? म्हणाल्या, दोन्ही लांब, जाएल, लिही." जाएलचा आवाज अजून चढाच होता, पण ती आता ओबिएरोकडे बघत नव्हती. "आता मी त्यांना समजावू, चौकोन कशाला म्हणतात ते? शाळेच्या अंगणात सोड्याच्या बाटल्यांची बुचं मांडून चौकोन मला त्यांनीच शिकवला. माझी एक बाजू लांब झाली तर सगळी बुचं गोळा करायला लावायच्या. पुन्हा मांड म्हणायच्या. कधी ओरडल्या नाहीत, पण बरोबर येईपर्यंत घरी सोडायच्या नाहीत."

शियुंडूने ड्रिल सुरू केलं होतं. ते त्याने बंद केलं.

ओबिएरो हातातल्या प्लेटकडे बघत राहिला. मग तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, या गाडीला मागे कुठली प्लेट लागते?"

"चौकोनी," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"उभी आहे की समोर. डोळे शाबूत आहेत माझे."

ओबिएरोने प्लेट फेकली. ती ग्रीसच्या मातीत आडवी पडली आणि घसरत शियुंडूच्या क्रेटपाशी गेली. कोणी उचलली नाही.

"तुला जायचं नव्हतं, तर तोंडाने सांगायचंस! हे असलं काय? मला सगळ्यांसमोर वेड्यासारखं नाचवायचं? मी प्लेटांसाठी त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, ते तू बघत होतीस. रोज बघत होतीस!"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"ईस्टरला. तुम्ही दोघं जेवत होता." आईचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, शेवटच्या मुलाला ऐकू जाईल एवढा आणि त्याहून मोठा नाही. पण पिशवीचे बंद तिने दोन्ही मुठींत आवळून धरले होते. "मी म्हटलं, मला माझ्या घरात राहायचंय. ओगोलाने रेडिओ मोठा केला, म्हणाला, बातम्या लागल्यात. तू म्हणालास, आई, आधी गाडी तर येऊ दे. बरं म्हटलं. आली गाडी. मग पुन्हा म्हटलं, आपल्यात आईने लग्न झालेल्या मुलाच्या घरात रात्री झोपायचं नसतं. तर दोघंही हसलात. शहरात कोण मानतं, म्हणालात."

"शहरात खरंच कोण..."

"मी मानते की नाही, ते विचारलंत?"

ओबिएरोने कपाळावरचा घाम पुसला.

"मागच्या खेपेला गेले होते ओगोलाकडे. सकाळी तो आणि सून कामावर जायची आणि दाराला बाहेरून कुलूप लावायची. आई, तुझ्याच काळजीने, म्हणायची. खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची. माझ्या ओट्यावर दुपारी शेजारची पोरं येतात, त्यांना अजून सात उलटा काढायची सवय आहे. त्यांना मी काय सांगू? माझ्या मुलांनी मला कुलपात ठेवलंय?" आता तिच्या आवाजात कंप आला, आणि तो रडण्याचा नव्हता. "मी काही सामान नाही, ओबिएरो. डिकीत घातलं, नेलं. तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही, तेव्हा माणूस हाताला येईल ते करतं."

ट्रकखालचा माणूस बाहेर येऊन उभा राहिला होता. शियुंडूने त्याला नुसत्या भुवईने परत पाठवलं.

"मी मोटरसायकल परत केलीय," ओबिएरो म्हणाला. "काल. ती आता दुसऱ्याला दिली त्यांनी. नैरोबीत ही गाडी चालवणार होतो मी. त्याचा काही विचार केलास?"

आईने वर पाहिलं. तिच्या मुठी सैल झाल्या.

"ते मला माहीत नव्हतं."

"नव्हतंच."

"तू सांगितलं नाहीस."

त्याने गाडीच्या चाकावर लाथ मारली. लाथ त्यालाच लागली. तो थोडा लंगडत क्रेटपाशी गेला, वाकून प्लेट उचलली आणि शर्टाच्या बाहीने तिच्यावरचं ग्रीस पुसू लागला. ग्रीस पसरलं. शियुंडूने खांद्यावरचं फडकं त्याच्यापुढे धरलं.

"वाकवू?" शियुंडूने हळूच विचारलं. "बोल भाऊ. अर्ध्या तासाचं काम आहे. संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

ओबिएरोने प्लेटच्या एका टोकावर अंगठा ठेवून दाबून पाहिलं. पत्रा मऊ होता, लगेच वाकला असता. आई तिकडे बघत नव्हती. ती जाएलला जवळ बोलावून तिची सुटलेली लेसो खोचून देत होती आणि जाएल, अजून रागाने धुमसत, लहान मुलीसारखी उभी होती.

फोन वाजला.

"झालं का?"

"नाही," ओबिएरो म्हणाला.

"अरे, नाही म्हणजे काय? वाकवायला काय धाड भरलीय?"

"नाही वाकवणार. थर तडकतो. रस्त्यात अडवतात. आईला घेऊन मी पोलिसांपुढे उभा राहणार नाही."

"ठीक. मग चूक कोणाची ते सांग. तो अर्ज कोणी भरला? त्या बाईचा नंबर दे मला. बघतोच तिला."

जाएलने मान ताठ केली. आईने पिशवी बाजूला ठेवली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. तिचं तोंड बोलण्यासाठी उघडलं होतं.

"मी," ओबिएरो म्हणाला.

"काय, मी?"

"मी सांगितलं. दोन्ही लांब, लिही म्हणून. मीच."

मग फोनमधून जे सुरू झालं ते पत्र्यांच्या पूर्ण रांगेने ऐकलं. एक काम दिलं होतं. एक. लहानपणापासून हेच. शाळेत हेच, कामावर हेच, घरचं खाऊन घरच्यांची नाचक्की. हा गाडी चालवणार म्हणे नैरोबीत, ज्याला लांब आणि चौकोनी कळत नाही. विसर म्हणावं ती टॅक्सी. ओबिएरोने फोन तोंडापुढे तसाच धरून ठेवला होता. शियुंडू उगाच समोरची रिव्हेट तपासायला गेला. आई अर्धवट उठलेली तशीच राहिली, एक हात खुर्चीवर, आणि तिने मुलाकडे असं पाहिलं, जसं ती कधी वर्गात मागच्या रांगेतून अचानक आलेल्या उत्तराकडे बघत असेल.

"ऐकतोयस का?" ओगोला ओरडला.

"ऐकतोय."

"आता पुन्हा अर्ज कर. आणि या वेळी स्वतःची अक्कल चालवू नकोस. भरायच्या आधी कोणाला तरी विचार. ज्याला कळतं त्याला."

"विचारतो," ओबिएरो म्हणाला. "आईलाच विचारतो."