साठ ग्रॅम कमी

मी एक जुने वजन आहे. पितळी, बुटके, वर धरायला छोटी मूठ असलेले. पोटावर ‘५०० ग्रॅम’ कोरले आहे. मित्रांनो, प्रत्यक्षात मी चारशे चाळीस भरते.

बालपण: ओतले, थंड केले, विकले.

मला लाकडाचे पॉलिश बनवणाऱ्या एका माणसाने घेतले. लेथवाल्याकडून माझे बूड आतून कोरून घेतले. त्याच्या वहीत कृती होती : दोन लिटर स्पिरिटला पाचशे ग्रॅम लाख. स्पिरिट मापाने, लाख माझ्याने. वही टेबलावर उघडीच असे.

एका कारागिराने ती उतरवून घेतली आणि समोरच दुकान थाटले. त्याचे पॉलिश खुर्चीला लागे, आणि बसणाऱ्याच्या विजारीलाही.

“वही न्या,” मालक म्हणे, “खुशाल न्या.” मग मला फडक्याने पुसे. माझे कौतुक एवढेच.

पुढे त्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. लिहिता हात गेला.

लेकीने धंदा हाती घेतला. इलेक्ट्रॉनिक काटा आणला. वडील डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवत राहिले.

“हो बाबा, टाकत नाही. आठवण म्हणून ठेवते.”

खिडकी. धूळ.

पॉलिश चिकट होऊ लागले. डबे परत येऊ लागले.

“ताई, तुमच्या वडिलांचा हातच वेगळा होता,” एक सुतार म्हणाला.

“वहीत आहे तेच करते हो, दादा. ग्रॅमचा फरक नाही.”

खरेच नव्हता.

असेच चालले तर महिन्याभरात कुलूप लागणार होते. शेवटी तिला काट्याचा संशय आला. दुरुस्तीवाला आला, आपली वजने घरी विसरून.

“तुमच्याकडे एखादं असेल ना?”

तिने मला दिले. काट्यावर आकडा उमटला : ४४०.

“बघा, साठ ग्रॅम कमी दाखवतोय. म्हणून तुमची लाख जास्त पडतेय.”

त्याने काटा माझ्याशी जुळवला. वडील खुर्चीतून बघत होते.

पुढचे पॉलिश तासाभरात वाळले, काचेसारखे. लेकीने फळी त्यांच्यापुढे धरली.

“जमलं, बाबा. काटाच खोटा होता.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी परत खिडकीत.

मित्रांनो, मालकाचे गुपित आता इतके सुरक्षित आहे की ते सांगू शकेल अशा कोणालाच ठाऊक नाही. काटा फार तर पाच वर्षे टिकेल. नंतर येणारा दुरुस्तीवाला आपली वजने विसरणार नाही. तुमच्याकडे असे काही जपलेले असेल, तर बोलता येते आहे तोवर एका माणसाला सांगा. एकालाच. पण सांगा.