फुलीपर्यंत टॅब जात नाही

नागपूरच्या कीर्तन महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा बोरी अरबच्या देवळात साखर वाटली गेली. रंजिता राठोडचं कीर्तन तालुक्याबाहेर पहिल्यांदाच होणार होतं. तिला जन्मापासून दिसत नाही. पण ती आख्यानाला उभी राहिली की आपण आजवर काय पाहत होतो, असं ऐकणाऱ्यालाच वाटतं. अट एकच होती. आज दुपारपर्यंत ईमेलने होकार कळवा, नाहीतर दुसरं नाव छापू. तिने फोन करून पाहिला, तर तिथले कारकून म्हणाले, "ताई, फोनची नोंद होत नाही. मेलच पाहिजे."

मेल तर मेल. रंजिताचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो. टॅब दाबला की पुढचं बटण बोलतं, एंटर दाबला की काम होतं. माऊस तिला लागतच नाही, म्हणून घरात तो नाहीच. तिने होकार लिहिला आणि 'पाठवा'कडे जायला टॅब दाबला.

"नवं रूप! आता सर्वांसाठी सोपं!" मध्येच उघडलेली एक चौकट कॉम्प्युटर उत्साहाने वाचू लागला. "कसं वाटलं?"

टॅब. "खूप आवडलं."

टॅब. "फारच आवडलं."

टॅब. "खूप आवडलं."

एस्केप दाबून झालं. चौकट ढिम्म.

"याडी, पडद्यावर काय दिसते?" तिने आईला विचारलं.

"कोपऱ्यात एक फुली हाय," सुखीबाई पडद्याला नाक लावून म्हणाल्या.

"तिथवर टॅब जातच नाही. तिले माऊसच पायजे."

शेजारी मोटारपंप दुरुस्त करणारा शाहिद गलका ऐकून आत आला. "दारव्ह्याहून आणतो ना माऊस. पण जीप भरल्याबिगर सुटत नाही. संध्याकाळ होईन."

"मंग दाब ना बाई, आवडलं म्हून!" सुखीबाई कळवळल्या.

"खोटं दाबू? परवाच सत्यावर कीर्तन केलं मी."

"त्याच कीर्तनात देवळाच्या चिक्कू अध्यक्षसाहेबाले दानशूर म्हटलं तुमी, ताई," शाहिद म्हणाला. "तवा कोणतं बटण दाबलं होतं?"

रंजिताला हसू फुटलं. हसता हसताच तिने 'खूप आवडलं' दाबलं.

चौकट खूश होऊन आणखी फुगली. "काय आवडलं ते लिहा. लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

रंजिताने लिहिलं : 'मला दिसत नाही. तुमची चौकट माझ्या पत्रावर येऊन बसली आहे. बाहेर जायचा रस्ता फक्त माऊसवाल्यांसाठी ठेवला आहे. म्हणून नाइलाजाने आवडली.'

"मनापासून धन्यवाद!" म्हणत चौकट गेली. मात्र जाताना रंजिताला तिच्या पत्रात न सोडता पानाच्या पार माथ्यावर सोडून गेली. तिथून शोध, सेटिंग, आलेली पत्रं, कचरापेटी असं एकेक दार ठोठावत खाली यायचं. सुखीबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत बसल्या. अखेर "पाठवा" ऐकू आलं आणि रंजिताने एंटरवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने कारकुनांचा फोन आला. मेल मिळाला होता. नाव छापायला जात होतं.

"अन् ते चौकटवाले?" शाहिदने विचारलं. "तुमचं लिहिलेलं वाचन काय कोणी?"

"कीर्तनात अर्धी मंडळी डुलक्या घेते, शाहिद. म्हून काय मी आख्यान अर्ध्यात सोडते?"

"अन् सरलं की तेच लोक पहिले येऊन पाया पडतात," असं म्हणत सुखीबाई नागपूरला नेसायचं लुगडं शोधायला उठल्या.