अक्षता खाल्लेली करवत

माघातली कोवळी, केतकीवर्णी, दवाने न्हालेली सकाळ. पोफळींच्या उंच माथ्यांवरून ऊन झिरपत, झिरपत खाली उतरत होतं. पण खाली पाटात पाणी नव्हतं. वाऱ्याने लोळवलेला जुना फणस पाटावर आडवा पडला होता, आणि मागे तुंबलेलं पाणी पडीक जमिनीत वाया चाललं होतं. पोफळींचे शेंडे पिवळे पडू लागले होते.

खळ्यात धाकू परब आपली पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत सुटी करून बसला होता. तीन वर्षांपूर्वी झाडावरून पडून त्याचा खुबा मोडला. हाड सांधलं, पण पाय अधू राहिला. करवत माळ्यावर गेली, धाकू खुर्चीत गेला, आणि त्याचं हसणं कुठे गेलं ते देवालाच ठाऊक. फणस तोडायला भाड्याचा माणूस मिळाला असता. पण आज उठल्या उठल्या धाकू म्हणाला, करवत खाली काढ, आणि त्याच्या बायकोच्या, आनंदीच्या, काळजात चर्र झालं. गोडही वाटलं, खोटं कशाला बोला!

ही करवत चालली तर आपला माणूस उठेल. नाही चालली तर तो पुन्हा बसेल तो कायमचाच. एवढं तिला पक्कं कळत होतं.

त्याने सुटे भाग द्यावेत, तिने पेट्रोलने धुवावेत, फडक्याने पुसावेत. साखळीचा एकेक दात त्याने गोल कानशीने घासला, घासला, आणि गंजाच्या तांबूस तिमिरातून रुपेरी धार उगवत गेली. प्लग चकाकला. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल पडलं. धाकूने दोरी ओढली. करवत गप्प. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. त्याची नजर खुर्चीकडे वळली.

"आजून एकदा उघडून बघा," आनंदी म्हणाली.

त्याने वरचं झाकण काढलं. हवा ओढणाऱ्या जाळीवर खोबरेल-कुंकवाचा दाट, रक्तवर्ण, वाळलेला थर होता, आणि त्यात तांदळाचे दाणे रुतले होते.

"ह्या काय गे?"

आनंदीने मान खाली घातली. खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयत्याला बोटभर कुंकू पुरतं. पण या करवतीने घर उभं केलं होतं. म्हणून दरवर्षी ती माळ्यावर चढायची आणि दिसेल त्या झरोक्यात भरभरून तेल, कुंकू, अक्षता घालायची. तिच्याच मायेने करवतीचा श्वास कोंडला होता.

"तुमका बरा वाटांदे म्हणान," ती पुटपुटली. तिला रडू येत होतं.

धाकूने नखाने एक दाणा उकरून काढला. मग म्हणाला, "अगो, पोटभर जेवलेलो माणूस कामाक उठता खंय?" आणि हसला, खळं भरून, पोट धरून हसला. आनंदीही डोळे पुसत हसली.

जाळी धुतली. दोरी ओढली. करवत खोकली, गुरगुरली, आणि निळ्या धुराचा लोट सोडून गरजली.

धाकू ती घेऊन उठला आणि फणसापाशी गेला. बुंध्यातून सुवर्णपीत भुसा उडाला, उडाला. बुंधा दुभंगला. पाणी क्षणभर थबकलं आणि निघालं. या पोफळीकडून त्या पोफळीकडे, मुळाकडून मुळाकडे. पाटात पसरलेल्या फांद्या तोडत, लंगडत लंगडत धाकू पाण्याच्या पुढे चालला.

ऊन डोक्यावर आलं तशी आनंदीने जेवायला हाक मारली. त्याला ती ऐकूच गेली नाही. तीन वर्षं तो हाकेच्या टप्प्यात बसून होता. आज त्याला बोलावायला तिला बागेच्या पार टोकापर्यंत जावं लागलं. आणि ती गेली, वाहत्या पाण्याच्या काठाकाठाने, हळूहळू, मुद्दामच हळूहळू.