फाट्यावरचा फ्लेक्स

कोळवणच्या हैबतरावांच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि फ्लेक्स लावल्याशिवाय कुणाचा मान होतो हे त्यांना पटत नसे. गावात बारसं असो की कुणाचं पोरगं पोलिसात लागो, फाट्यावर फ्लेक्स त्यांचाच. त्यामुळे त्यांच्या सुनेनं, साधनानं, भातखाचराच्या कडेला तीन खोल्या बांधून शहरातले पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा जीव सुपाएवढा झाला. आता अख्खं पुणं ओळखीचं होणार!

पाहुणे आले की आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायचं काम साधनानं सासऱ्यांवर सोपवलं होतं. या वेळी नलिनीताईंच्या कार्डावरच्या जन्मतारखेवर त्यांची नजर पडली. रविवारी बाईंना पन्नास पूर्ण! बाई नेहमीच्या, एकट्या यायच्या, पुस्तक वाचत पडायच्या. त्यांनी मैत्रिणींना सांगितलं म्हणून तर बाकीच्या खोल्या भरू लागल्या होत्या. अशा बाईंचा वाढदिवस कोरडा जाऊ द्यायचा? हैबतराव तडक पौडला फ्लेक्सवाल्याकडे गेले.

रविवारी सकाळी नलिनीताई फिरत फिरत फाट्यावर गेल्या आणि तिथं त्यांना स्वतःचंच दर्शन झालं. आधार कार्डावरचा फोटो मुळात कुणाचाच बरा नसतो. हा तर दाराएवढा केलेला. खाली ‘सुवर्णमहोत्सवी वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’, त्याखाली सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर, कारण नुसतं ‘कोथरूड’ म्हटलं तर कोण ओळखणार? कोपऱ्यात फेटा बांधलेले शुभेच्छुक, हैबतराव.

त्या परतल्या तोवर फ्लेक्सचा फोटो कुणाकुणाच्या फोनवरून त्यांच्या जावेपर्यंत पोचला होता.

“नागपूरला ट्रेनिंग आहे म्हणून सांगून आलेय मी घरी,” त्या साधनाला म्हणाल्या. “घरचे सगळे मोठा हॉल घेऊन वाढदिवस करणार होते. मला नको होता. इथं मला कुणी ओळखत नाही म्हणून तर यायचे. कार्ड मागितलंत, विश्वासानं दिलं. आता मैत्रिणींना काय सांगू?”

त्या बॅग भरायला आत गेल्या. साधनाला रडूच फुटायचं बाकी होतं. एका बाईच्या शब्दावर उभा राहिलेला धंदा त्याच बाईच्या शब्दानं बसणार होता.

“आता मान केला तर वाईट काय झालं?” हैबतराव म्हणाले. “फोटो बारका झाला का?”

“मामा, त्या मेडिकलवाल्याशी तुमी का बोलत न्हाई?”

मेडिकलवाल्यानं पारावर सहज सांगून टाकलं होतं, की हैबतरावांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून एकाही लग्नात त्यांच्या पानात जिलबी पडली नव्हती.

“त्यानं काय खोटं सांगितलं व्हतं?” साधनानं विचारलं.

“खोटं न्हाई! पन मी गोळ्या घ्यायला गेलतो त्याच्याकडं. गावाला सांगायला कुनी सांगितलं त्याला?”

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. मान खाली घालून ते शिडी खांद्यावर घेऊन फाट्याकडे निघाले.

फ्लेक्स उतरवताना चहाच्या टपरीवरची मंडळी जमलीच. “कोन वो ह्या बाई? मालक काय करत्यात त्यांचं? एकट्याच कशा काय?”

हैबतरावांना सगळं ठाऊक होतं. उत्तर पार जिभेच्या टोकावर आलं, मिशा थरथरल्या.

“पाव्हण्या हायेत,” ते म्हणाले.

“आन्?”

“आन् काय न्हाई. चा प्या.”

हैबतरावांची तब्येत बरी नसावी असं सगळ्यांना वाटलं. मागं थांबलेल्या टॅक्सीची काच खाली आली. आत पुण्याला निघालेल्या नलिनीताई होत्या; त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“काका,” त्या म्हणाल्या, “बॅग खोलीवर परत नेता? घरी गेले तर हॉल आहेच. पण यापुढं कार्ड मी साधनाच्याच हातात देणार.”

“व्हय, तिच्याच हातात द्या,” हैबतराव म्हणाले. “माझा मला भरवसा न्हाई.”