माहिती देणार : स्वतः

हेमांगीने सतरंजीवर तीन वाट्या ओळीने मांडल्या, लहान, मधली आणि मोठी. शेजारी दोन चमचे ठेवले आणि विचारलं,

"काल डाळ कुठल्या वाटीनं घेतलीस?"

दिपमालाने मधल्या वाटीवर बोट ठेवलं.

"किती वेळा?"

"दुपारी एकदा, रात्री एकदा."

"पोळ्या?"

"दोन-दोन. सोबत काकडी. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री दूध, बिनसाखरेचं."

हेमांगी मांडीवरच्या टॅबवर बोटाने खुणा करत गेली. दारात मेथी निवडत बसलेल्या रूपाला लेकीची उत्तरं ऐकून बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद पोरीने पाठ केला होता आणि पाळतही होती म्हणायची. रूपा सकाळी आठला शेतात जायची ती पाचला परतायची. रात्रीचं जेवण सातच्या आत उरकायचं असं डॉक्टरांनीच सांगितलेलं, त्यामुळे सगळे ताटावर बसेपर्यंत दिपमालाचं होऊन गेलेलं असे. 'मी जेवले, आई,' म्हणून ती पडून राहायची. तिचे खांदे जरा उतरल्यासारखे दिसत होते, पण पथ्यावरचं माणूस उतरतंच.

दिपमालाला सहावा महिना लागला होता. नशिराबादच्या दवाखान्यात तिच्या रक्तात साखर निघाली, त्यानंतर आठ दिवसांत जावयाने, भूषणने, तिला चाळीसगावच्या गाडीत बसवून दिलं. तो काही बोलला नाही. बोलली ती त्याची आई, फोनवर. "आमच्या घरात कोणाला साखर नाही. तुमच्याकडची असेल तर लग्नाआधी सांगायचं होतं."

रूपाने नवऱ्याला घेऊन चाळीसगाव गाठलं. दोघांनी रक्त तपासून घेतलं. ज्ञानेश्वरला साखर नाही, तिलाही नाही. ओट्यावर बसलेल्या सासूचं, भिकुबाईचं, रक्त गावच्या आशाताईंनी, आरोग्याचं काम बघणाऱ्या बाईंनी, घरी येऊन तपासलं. म्हातारीलाही नाही. मग ही आली कुठून? दिपमालाला लहानपणापासून गोडाचा कंटाळा. लग्नातली जिलबीसुद्धा तिने बहिणीच्या ताटात टाकली होती. चोवीस वर्षांची पोर, बांधा किडकिडीत. साखर ही खाऊन-पिऊन सुटलेल्या शेठ लोकांची, एवढंच रूपाला माहीत होतं.

हेमांगी धुळ्याच्या एका संस्थेकडून यायची. चोवीस वर्षांपूर्वी त्या संस्थेने आजूबाजूच्या सहा गावांतल्या गरोदर बायांना त्या काय खातात ते विचारलं होतं. पुढे त्यांच्या पोरांची दर काही वर्षांनी उंची मोजली, वजन केलं, रक्त नेलं. दिपमाला त्यांतलीच एक. मोजमाप झालं की पोरांना वह्या मिळायच्या, म्हणून ती उड्या मारत जायची. आता त्या पोरीच आया होऊ लागल्या होत्या आणि संस्थेने पुन्हा विचारायला सुरुवात केली होती.

"काकू, आता तुमचं," हेमांगी म्हणाली. "जुनी माहिती फक्त पडताळून घ्यायची आहे. वाचू का?"

"वाचा की ताई."

"दिपमालाच्या वेळेस, सातव्या महिन्यात. रोज पेलाभर दूध. दोन्ही वेळा डाळ. दिवसाआड हिरवी पालेभाजी. आठवड्यातून दोन अंडी. दुपारी दोन तास विश्रांती."

दिपमाला खुदकन हसली. "आई, आपल्या घरात अंडी?"

रूपाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं असेल."

हेमांगीने नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, घर क्रमांक वाचला. सगळं बरोबर होतं.

"माझाही याच कागदावर घोळ होतो, काकू. आमच्याकडे तुम्ही चांगला आहार असलेल्या बायांमध्ये आहात. आणि दिपमाला जन्मली तेव्हा वजन एक किलो नऊशे. संस्थेतले आमचे सर दर वेळी या ओळीखाली रेघ मारतात. आईनं एवढं खाल्लं, मग बाळ इतकं लहान कसं?"

"वजनाचं काय त्यात? आता तर चांगली आहे ती."

हेमांगी म्हणाली, "पोटात असताना ज्या बाळांना कमी मिळतं ना, त्यांचं शरीर कमीवरच भागवायला शिकतं. पुढे मोठेपणी त्यांना साखर व्हायचा धोका जास्त असतो, असं दिसतं. सगळ्यांनाच होते असं नाही. आणि हिची त्यामुळेच आली, असंही मी सांगू शकत नाही."

रूपाने ते मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे जास्त खाल्लं तरी साखर, आणि कमी खाल्लं तरी साखर?"

"तसंच काहीसं."

"मग बाईनं खायचं तरी काय?"

ओट्यावर भिकुबाई तूर पाखडत होती. सुपाचा आवाज मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला.

त्या आवाजासरशी रूपाला उलगडलं. उलगडलं असं तिला वाटलं तरी. "ताई, ते मी सांगितलंच नाही. सासूबाईंनी सांगितलं. त्या वेळी मला कुठं तोंड होतं? त्या पुढं बसल्या होत्या, मी दाराआड." चोवीस वर्षं हे तिच्या मनात असंच बसलेलं होतं. सातव्या महिन्यातही कापूस वेचायला नेलं, जेवायला सगळ्यांच्या मागून बसवलं, आणि बाहेरची बाई आली तर तिला दूध नि डाळ सांगितली. ती ओट्याकडे वळून म्हणाली, "अक्का, धुळाहून बाई येल व्हती तवय तुम्हीनच सांगेल व्हतं ना?"

भिकुबाईने सूप खाली ठेवलं. तिला उशिरा ऐकू यायचं, पण हे लगेच ऐकू आलं.

"मी कसाले सांगू? मी तठे व्हतूच नही. पौष महिना व्हता. आम्ही बठ्ठा वावरमा व्हतूत, कापूस येचाले. तुना पाय सुजेल व्हतात म्हनीसन तूच एकली घरमा व्हती."

"नाही," रूपा म्हणाली. "तुम्ही होत्या."

हेमांगीने बोटाने पान खाली सरकवलं. तिला ते वाचायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी तिने टॅब रूपापुढे धरला. जुन्या छापील फॉर्मचा फोटो होता. तळाशी निळ्या शाईत लिहिलेलं. माहिती देणार : स्वतः. मुलाखतीच्या वेळी उपस्थित इतर व्यक्ती : कोणी नाही. त्याखाली गोल, शाळकरी अक्षरांत सही होती. रूपा.

वरच्या ओळी रूपाने पुन्हा स्वतः वाचल्या. हिरवी पालेभाजी. पेलाभर दूध. विश्रांती. भिकुबाईच्या तोंडात असले शब्द तेव्हा नव्हते नि आजही नव्हते. त्या घरात आठवीपर्यंत शिकलेली एकटी रूपाच होती. आरोग्याच्या पुस्तकात, गरोदर मातेच्या चित्राखाली, हे असंच्या असं छापलेलं होतं. अंडीसुद्धा त्या चित्रातलीच.

एवढी वर्षं तिच्या कानात जो आवाज होता, तो सासूचा नव्हता. मग सासू पुढे बसलेली तिने पाहिली होती, ती कुठून आली? दाराआड कोण होतं? तिला काहीच लागेना. आठवलं ते एवढंच, की धुळ्याहून आलेल्या त्या बाईची साडी कडक इस्त्रीची होती आणि पेनचं टोपण काढून ती घराकडे बघत होती.

"तुमच्याएवढीच होती ती, ताई," रूपा हळूच म्हणाली. "मला वाटलं, खरं सांगितलं तर ही काय म्हणेल आमच्या घराला. मलाच काय म्हणेल."

"खरं काय होतं, काकू?"

रूपाने मेथीची जुडी बाजूला सारली. सांगताना तिने आवाज चढवला नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. सकाळी कोरा चहा. दुपारी शेतात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर मिरचीचा ठेचा. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात जे असेल ते, बहुतेक आमटीचं पाणी. सोमवार नि गुरुवार उपास. दूध डेअरीत जायचं. बाईने जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं सगळ्याच सांगायच्या, म्हणून भूक असली तरी एक भाकर कमी.

"लेकराला त्रास होईल असं कधी वाटलं नाही," ती म्हणाली. "उलट सोपं जाईल असंच वाटायचं."

सांगून झाल्यावर तिने ओट्याकडे पाहिलं. आता म्हातारी काहीतरी तोडून बोलणार. भिकुबाईने सुपातली तूर उगाच एकीकडून दुसरीकडे केली.

"तुले निदान कोनी इचारं तरी," ती म्हणाली. "मी काय खाधं, हाई मले कोनीच इचारं नही."

एवढ्या वर्षांचा राग रूपाने ज्या जागी ठेवला होता, ती जागाच तिला सापडेना. सगळ्यांच्या मागून पातेलं खरवडणारी ती एकटी नव्हती. तिच्या आधी, तिच्या शेजारीच बसून, आणखी एक बाई खरवडत होती. दोघी एकमेकींच्या ताटाकडे न बघता जेवायच्या.

हेमांगी म्हणाली, "जुन्या माहितीत खाडाखोड करता येत नाही, काकू. पण खाली शेरा लिहिता येतो. लिहू का?"

"लिहा."

हेमांगी लिहू लागली. लिहिताना मध्येच थांबून विचारायची, भाकर केवढी, ठेचा किती, आणि रूपा हातानेच दाखवायची. वाट्या तशाच मांडलेल्या होत्या. त्यातली एकही तिला उपयोगाची नव्हती.

शेरा लिहून संपला. हेमांगीने चमचे वाट्यांत टाकले, वाट्या एकात एक घातल्या आणि पिशवीची चेन ओढायला घेतली. तेव्हा दिपमाला म्हणाली,

"ताई, माझं मघाचं पाठवलं का तुम्ही?"

"नाही अजून. का गं?"

दिपमाला सतरंजीचा धागा ओढत राहिली. "ते काढून टाका."

"कुठलं?"

"सगळंच." ती थांबली. "ते डॉक्टरांच्या कागदावरचं होतं. सकाळी मी चहा घेते. दुपारी अर्धी पोळी खाल्ली तर खाते. बाकीचं गोठ्यात जातं. काल रात्री नव्हतं खाल्लं. परवाही नाही."

हेमांगीने चेन सोडली. "किती दिवस झाले?"

"आले तेव्हापासून. वीस दिवस होतील. खाल्लं नाही की साखरेच्या मशीनवर आकडा कमी येतो, ताई. कमी आला की मी त्याचा फोटो काढून भूषणला पाठवते."

"तो काय म्हणतो?"

"छान, म्हणतो."

"दिपमाला, हे असं चालणार नाही," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज मघाचा राहिला नव्हता. "उपाशी राहून आकडा खाली आणायचा नसतो. बाळाला कमी पडतं. उद्या सकाळी आपण धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, मी येते सोबत. आणि आता आधी काहीतरी खा. पण मला नीट सांग, बाळ हलतं का?"

"हलतं. पहाटे जास्त."

"चक्कर?"

दिपमालाने आईकडे पाहिलं. हेमांगीने टॅब पुन्हा मांडीवर घेतला आणि कोरं पान उघडलं.

रूपा उठून स्वयंपाकघरात आली. टोपलीतली भाकर तिने हातात घेतली. अर्धी मोडावी की पूर्ण द्यावी, ते तिला कळेना. पोळी बरी की भाकर बरी, डाळ घट्ट वाढावी की पातळ, हेही नाही. तिने डाळीचं पातेलं गॅसवर चढवलं आणि ओगराळं हातात धरून ती उभी राहिली. ओट्यावरून भिकुबाई भिंतीला हात लावत लावत आत येऊन तिच्याशेजारी उभी राहिली होती. तीही बाहेर कान देत होती.

"एकदा आली होती," बाहेर दिपमाला सांगत होती. "बाथरूममध्ये. आईला नाही सांगितलं."

रूपाने मान वळवली नाही. आपण पाहिलं तर ती बोलायची थांबेल, असं तिला वाटलं. तिने गॅस बारीक केला, म्हणजे डाळ उकळल्याचा आवाज होणार नाही.