फळीवरची पहिली बरणी

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी, पोटात मीठ. सौंसरच्या एका स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यावर जी लांब फळी आहे ना, तिच्यावर डावीकडून पहिली. ही जागा लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य या जागेभोवतीच गेलं आहे.

आधीच सांगते, मी भित्री आहे. आमची जातच भित्री. पितळेचा डबा पडला तर चार घरांना ऐकू जाईल एवढा कांगावा करतो आणि पुन्हा उभा राहतो. आम्ही पडलो की थेट केरात. भट्टीतून काढून गवतात गुंडाळून आम्हाला खोक्यात भरलं, तेव्हापासून मूठ नसतानाही मी जीव मुठीत धरून जगत आले.

जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलेल्या एका नव्या जोडप्यानं मला देवळाबाहेरच्या दुकानातून घेतलं. ती सरला, आणि तो श्रीधर, शाळेत मास्तर. परतीच्या बसमध्ये सरलानं मला मांडीवर धरलं होतं. ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला, मी पुढच्या दांड्यावर आपटले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. माझं धाबं दणाणलं. संपलं, आता खिडकीतून बाहेर!

"फुटली न? फेकून दे तिकडं," श्रीधर म्हणाला.

"कायले फेकू? मीठ काय टवका पाहून राहते का?" सरला म्हणाली आणि त्या टवक्यावरून तिनं अंगठा फिरवला.

तो अंगठा पुढं रोजचाच झाला. मीठ काढायचं म्हणजे आधी टवक्यावर अंगठा, मग झाकण. केतन जन्मला, चालायला लागला, शाळेत गेला, पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तिथल्या कचेरीत चिकटला. मी जागेवरच. माणसांची एक खोड मी पाहिली आहे. मीठ बरोबर पडलं तर कोणी तोंडातून अक्षर काढत नाही. जरा चुकलं की सगळं ताट बोलायला लागतं. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. कोणी नाव काढत नाही म्हणजे सगळं ठीक चाललं आहे, असं मी धरून चालायची.

मग गेल्या दोनेक वर्षांत भाजी चुकायला लागली. कधी आळणी, कधी खारट. "आई, ध्यान कुठं आहे तुझं?" केतन हसत म्हणायचा. सरलाही हसायची. पण मी तिची बोटं ओळखत होते. पूर्वी ती अंगठा सहज फिरवायची, आता तो टवका शोधायची. तो सापडला की तिथून बोटं पुढं सरकायची: साखर, चहापत्ती, हळद, तिखट. ओठांतल्या ओठांत नावं घ्यायची. समोरचं माणूस तिला दिसायचं, त्याच्याशी ती नीट बोलायची, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण बाजूचं काही दिसत नव्हतं. नळीतून पाहावं तसं झालं होतं तिचं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, आणि ती घाईघाईनं मागं वळून पाहायची, कोणी पाहिलं तर नाही ना.

मी सारं पाहत होते आणि भीत होते.

एकदा शेजारच्या अलकाजवळ ती बोलून गेली. "माह्या मायचे डोळे गेले होते. सगळ्यायनं मोठ्या प्रेमानं तिले खाटेवर बसवलं. आई तू बस, आई तू बस. चुलीजवळ जाऊच देत नव्हते. बसून बसूनच गेली बिचारी."

तेव्हा मला कळलं, ही अंधाराला तेवढी भीत नाही. ही भिते ती त्या 'तू बस'ला.

हिमानी सून म्हणून आली ती अशा घरात. पोरगी मनानं चांगली, हाताला चपळ. होळी झाली, पाडवा जवळ आला, रस्त्याकडेचे पळस फुलले, आणि तिच्या मनात स्वयंपाकघर सजवायचं आलं. मोबाइलवर काय काय पाहायची आणि सासूला दाखवायची.

"फार काही नाही करायचं, आई. एकदम साधंच. खिडकीले हलका परदा, दोन डब्यायत पुदिना, अन् हे रंगीबेरंगी डबे काढून एकसारखे पांढरे. कसं मोकळं-मोकळं वाटते पाहा न."

सरलानं मोबाइलकडं मान वळवली. "हो का? छान आहे," ती म्हणाली. नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. तिचा हात तेव्हा माझ्यावर होता आणि अंगठा टवक्यावर.

पाडव्याच्या आधी एका दुपारी सरला अलकाकडं कुरडया घालायला गेली. सासूला खूश करायचं म्हणून हिमानीनं तेवढ्यात फळी रिकामी केली. माझ्या पोटातलं मीठ एका पांढऱ्या डब्यात गेलं. मला धुतलं, पुसलं, गळ्यापर्यंत पाणी भरलं, त्यात पळसाच्या फांद्या खोचल्या आणि गॅसशेजारच्या खिडकीत ठेवलं. जन्मभर कोरडी राहिलेली मी, पोटात पाणी घेऊन उभी. डोक्यावर नवा फिकट पिवळा परदा. तो खाली जरा लांब झाला होता. "उद्या दुमडून शिवते," हिमानी स्वतःशीच म्हणाली. फळीवर सगळे पांढरे डबे एका मापाचे, एका उंचीचे. दिसायला खरंच सुंदर होतं. पण डावीकडून पहिली मी नव्हते.

सरला आली तेव्हा हिमानी गच्चीवर कपडे काढायला निघाली होती. जाता जाता आनंदानं म्हणाली, "आई, खिडकीत पळस ठेवला आहे. पाहा बरं कसा दिसते!"

सरलानं केतनच्या पोह्यांसाठी गॅसवर कढई ठेवली, तेल ओतलं. मग हात फळीकडं गेला. डावीकडून पहिली. तिथं गुळगुळीत काहीतरी होतं. अंगठा फिरत राहिला, टवका सापडेना. दुसऱ्यावर गेला, तिसऱ्यावर गेला, सगळीकडं तेच. एक डबा उघडून तिनं जिभेवर ठेवून पाहिलं. साखर. दुसरा उघडला. चहापत्ती. "अगं माय, सुरू कुठून करू?" ती पुटपुटली. तेल धुरावलं. तिनं घाईत ओट्यावरच्या वाटीतली मोहरी टाकली, मिरची टाकली, ठसका उठला.

वारा आला. परदा फुगला, त्याचं लांबलेलं टोक बर्नरवर गेलं आणि पेटलं.

मी शेजारीच होते. जाळ कापडावर चढताना मी पाहिला. ओरडायला मला तोंड आहे, आवाज नाही. सरला, इकडं बघ!

आणि तिनं बघितलं. ठसक्यानं पाणावलेले डोळे पदरानं पुसत ती खिडकीकडं वळली. तिला तिथं काहीतरी केशरी, धूसर, हलणारं दिसलं. तिचा चेहरा सैल झाला.

"मोठा छान फुलला हो पळस," ती जिन्याकडं तोंड करून म्हणाली.

तेवढी भीती मला बसमध्येसुद्धा वाटली नव्हती.

हिमानी जिन्यातच होती. तिनं दारातून पाहिलं, हातातले कपडे टाकले, परदा ओढून बेसिनमध्ये फेकला, माझ्यातल्या फांद्या उपटल्या आणि माझं पाणी त्याच्यावर पालथं केलं. त्या गडबडीत मी बेसिनच्या काठावर आदळले. टवक्यापासून खाली एक तडा गेला. गॅस बंद झाला. धुरात दोघी खोकत उभ्या राहिल्या.

"आई, तुमच्या पदराजवळ जळून राहिलं होतं! तुम्हाले दिसलं नाही?"

"धूर झाला न, म्हणून..." सरला म्हणाली. पण तिचा हात बेसिनमध्ये चाचपडत होता. तो माझ्यापर्यंत आला, टवक्यावर थांबला, आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

हिमानीनं आधी तो हात पाहिला. मग पांढऱ्या डब्यांची रांग पाहिली. तिचं तोंड उतरलं.

"मी काय करून बसली हे, आई!"

"तू काही नाही केलं. केतनले सांगू नको, बाई. मले बसवून ठेवतील."

"बसू नाही देणार मी तुम्हाले," हिमानी म्हणाली. "पण सांगावं तर लागन. डोळे दाखवावे लागन."

दोघी नागपूरला जाऊन आल्या. काचबिंदू निघाला. जेवढी नजर गेली तेवढी गेली, उरलेली औषधानं राखायची, असं डॉक्टर म्हणाले. घरी सगळ्यांना सांगितलं. श्रीधर मास्तर म्हणाले, "मग आता स्वयंपाकाले बाई लावू, तू बस." हिमानीनं सासऱ्यासमोर पहिल्यांदाच मान वर केली. "नाही, बाबा. आई करतील. मी सोबत राहीन."

त्याच दिवशी मी पुसून, वाळवून, मीठ भरून फळीवर परत आले. डावीकडून पहिली. पांढरे डबे राहिले, पण प्रत्येकाच्या गळ्यात हिमानीनं सुतळी बांधली. साखरेला एक गाठ, चहाला दोन, पुढं तशाच. येणारीजाणारी म्हणते, किती साधी सजावट, किती छान! खिडकीत आता पुदिना आहे. परदा नाही.

माझा तडा मात्र रोज थोडा खाली सरकतो. मीठ आतून पाझरतं, मला कळतं. पूर्वी फुटायची भीती होती ती माझ्यापुरती. आता वाटतं, मी गेले तर ही सुरू कुठून करणार?

परवा हिमानीनं जामसांवलीहून एक नवी बरणी आणली. माझ्यासारखीच, तपकिरी गळ्याची. ओट्यावर ठेवून तिनं बत्ता उचलला आणि तिच्या काठावर टक्‌ करून मारला.

"अगं, नवीकोरी फोडून राहिली का?" मास्तर दचकले.

हिमानीनं बत्ता बाजूला ठेवला. बरणी सासूच्या हातात दिली. सरलानं अंगठा फिरवला, एकदा तिच्यावर, एकदा माझ्यावर.

"जराशी अजून खोल कर," ती म्हणाली.

त्या नव्या बरणीला खालच्या कपाटात ठेवलं आहे. पोरी, तू तिथं थरथरत बसली आहेस, मला ऐकू येतं. तो घाव पाहून रडू नकोस. ज्या दिवशी तुला इथं वर ठेवतील, त्या दिवशी टवका पुढं करून उभी राहा.